‘जरा हे वाच गं’

(पत्राचा सारांश. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बेळगावच्या एका उपनगरातून 46 वर्षांच्या ताईंचं पत्र आलंय. त्या एका क्रेडिट सोसायटीची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी ठेव, गोळा करतात. रोज बाजारातली चाळीसेक दुकानं, संध्याकाळी हिशेब, मग भरणा. मिस्टर उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर, तेही शिफ्टमध्ये. मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. सासूबाईंना शुगर आहे, सासऱ्यांनी ऐंशी ओलांडली आहे. बाजारात फिरून फिरून ताईंचं कन्नड चांगलं झालं, त्यामुळे घरातला आणि खानापूर तालुक्यातल्या सासरच्या गावचा प्रत्येक कन्नड कागद त्यांच्याकडे येतो. शेताचा उतारा, रेशन कार्ड, लाईट बिल, पंचायतीची नोटीस, सगळंच. ‘जरा हे वाच गं’ म्हणत दिवसाला आठ-दहा फोन येतात.

गेले पाच महिने फोन वाजला की त्यांच्या छातीत धडधडतं. रात्री तीनला जाग येते, सकाळी जबडा दुखतो, मुलावर उगाच ओरडलं जातं. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मिस्टर म्हणाले, “सोड की, किती विचार करतीस!” ताई लिहितात : “माझे सासरे 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात आठ दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात होते. त्यांना कधी टेन्शन आलेलं कुणी बघितलं नाही. आणि मी लाईट बिलावरून रडते. माझ्या आयुष्यात वाईट असं काहीच घडलेलं नाही. मी इतकी कमकुवत कशी? पिग्मी सोडू का? बहीण म्हणते, इगतपुरीला विपश्यनेला जा. शेजारणीने तिची झोपेची गोळी अर्धी करून दिली होती, तिने बरं वाटलं. ती चालू ठेवू का?”

---

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एक चाळा केला. त्यात आलेली कामं पेन्सिलीने मोजत गेले. तेवीस भरली. त्यातली तुमची स्वतःची दोनच : एक पिग्मी आणि दुसरं, दिवाळीपासून शिवायला टाकायचं राहिलेलं ब्लाऊज. उरलेली एकवीस दुसऱ्यांची. तुम्ही मात्र लिहिताय, “काहीच घडलेलं नाही.”

इथेच आपण पहिल्यांदा थांबू या. ताणाला मोठं कारण लागतं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. कुणी गेलं, नोकरी सुटली, शेत गेलं, तर माणसाने खचावं, बाकी सगळी नाटकं. अभ्यासकांनाही आधी असंच वाटायचं. 1967 साली होम्स आणि रहे या दोघांनी तर आयुष्यातल्या मोठ्या घटनांना गुण देऊन एक यादीच केली होती. जोडीदाराचा मृत्यू म्हणजे 100 गुण, आणि तिथून उतरत्या क्रमाने बाकीचं. पुढे 1981 साली कॅनर, लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 100 मध्यमवयीन माणसांची काही महिने सतत नोंद ठेवली. एका बाजूला अशा मोठ्या घटना, दुसऱ्या बाजूला रोजची किरकिर : हरवलेल्या वस्तू, वाढते भाव, घरच्यांची दुखणी, न संपणारी कामं. मनाची तब्येत कुणाची बिघडणार, हे मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या किरकिरीवरून जास्त नीट कळत होतं. म्हणून तुमचे तेवीस खडे मी हसण्यावारी नेणार नाही. चपलेत शिरलेला एक खडा झटकता येतो. तेवीस असले की माणूस चालच बदलतो, आणि लोक म्हणतात हिची चालच तशी आहे.

आता ‘टेन्शन घेऊ नका’बद्दल. आपण ‘टेन्शन घेतो’ म्हणतो, जसं काही ते भाजीबरोबर पिशवीत टाकून आणतो आणि नको असेल तर ठेवून येऊ शकतो. पण फोन वाजल्यावर तुमच्या शरीरात जे होतं त्यासाठी तुमची परवानगी कुणी मागत नाही. मेंदूला वाटतं, काहीतरी अंगावर येतंय. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसॉल. ठोके वाढतात, जबडा आवळतो, पोट आखडतं. समोरून बैल उधळत आला असता तर हीच तयारी तुमच्या कामी आली असती. तुम्ही बाजूला उडी मारली असती, बैल गेला असता, आणि घटकाभरात शरीर निवलं असतं. फोनवर बैल नसतो, गावचे मामा असतात. तिथे उडी कुठे मारणार? तयारी होते आणि अंगातच राहते. ती उतरायच्या आत दुसरा फोन. रात्री तीनचंही असंच. पहाटेकडे कॉर्टिसॉल आपोआपच चढायला लागतं, आधीच ताणलेल्या माणसाला तेवढ्याने जाग येते, आणि जाग्या झालेल्या मनाला उतारा आठवतो. यात मन खंबीर असण्या-नसण्याचा संबंध फार थोडा आहे.

मग सासरे? ही तुलना पत्रात तुम्ही तीनदा केली आहे, म्हणून तिच्याशी जरा जास्त वेळ बसते.

त्यांचा त्रास तुमच्यापेक्षा मोठा होता, हे खरंच. पण त्याला सुरुवात होती आणि शेवट होता. बाजूला शेकडो माणसं होती, घोषणा होत्या. आपण कशासाठी आत बसलोय हे बराकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सुटून आल्यावर गल्लीने हार घातले असणार. आजही 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाकडे लोक जातात, त्या दिवसांची आठवण काढतात. तुमच्या त्रासाला यातलं काय आहे? तो सुरू कधी झाला हे तुम्हाला सांगता येत नाही, संपणार कधी ते माहीत नाही, त्यात तुम्ही एकट्या आहात, आणि पंचायतीची नोटीस वाचून दाखवली म्हणून हार घालायला कोणी येत नाही. माणूस त्रासाने मोडतो त्यापेक्षा एकटेपणाने आणि शेवट न दिसण्याने जास्त मोडतो. तेव्हा त्यांचे आठ दिवस आणि तुमचे पाच महिने एका काट्यावर ठेवू नका. काटाच वेगळा आहे.

आणखी एक. घरी मराठी आणि कागद कन्नडमध्ये, ही गोष्ट तुमच्या स्वभावाने घडवलेली नाही. 1956 साली राज्यांची सीमा आखली गेली तेव्हापासूनची ती गाठ आहे, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. कागद मराठीतही मिळावेत ही मागणी जुनी आहे आणि ती करणाऱ्यांनी ती करत राहावी. पण त्या गाठीचा एक पदर रोज सकाळी तुमच्या पर्समध्ये येऊन पडतो. ज्या घरातला माणूस या प्रश्नासाठी तुरुंगात गेला, त्याच घरातली सून त्यांना कन्नड नोटीस वाचून दाखवते. सासऱ्यांना याचं काय वाटत असेल, तुम्ही कधी विचारलंय? मला शंका आहे की कागद तुमच्या हातात देताना त्यांनाही काहीतरी टोचत असेल. त्यांच्याशी एकदा बोला. तुरुंगातले आठ दिवस कसे काढले, रात्री झोप लागत होती का, हे विचारा. ‘टेन्शन कधी बघितलं नाही’ हे घरचे सांगतात. त्यांनी स्वतः काय सांगितलंय ते पत्रात कुठे नाही.

आता जरा बोचेल असं बोलते. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : “मी नसले तर यांचं पानसुद्धा हलत नाही.” ही तक्रार आहे का अभिमान? दोन्ही असेल, आणि त्यात काही चूक नाही. दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या बाईला सगळ्या भावकीने ‘वैनीलाच विचारा’ म्हणणं ही साधी गोष्ट नाही. तो मान तुम्ही मिळवलाय. पण मान आणि ओझं एकाच पिशवीतून येत असलं की पिशवी खाली ठेवताना हात कचरतो. पिशवी ठेवायची म्हणजे मानही गेला, असं वाटतं. तुम्ही वाटणी का केली नाही, याचं खरं उत्तर मला इथे दिसतं.

कारण वाटून घ्यायला माणूस घरातच आहे. तुमचा मुलगा मराठी माध्यमात शिकला असला तरी शाळेत वर्षानुवर्षं कन्नड विषय घेऊन पास झालाय. तुमचं कन्नड दुकानांच्या पाट्या आणि गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून आलेलं, त्याचं व्याकरणासकट आलेलं. तुमच्यापेक्षा तो चांगलं वाचत असणार! “त्याचा अभ्यास आहे” असं तुम्ही म्हणाल. आहेच. पण रविवारी सकाळी अर्धा तास आठवड्याचे कागद वाचल्याने सीईटीची रँक जाणार नाही. शिवाय आईला काय काय उरकावं लागतं हे त्याला कागदावर दिसेल, आणि तुम्ही का ओरडता याचं उत्तर त्याला तुमच्या माफीशिवाय मिळेल. (माफीही मागा. “काल उगाच ओरडले” एवढं पुरतं.)

गावाकडच्यांसाठी दुसरा उपाय. तिथल्या एखाद्या पुतण्याला मोबाईलवर गुगल लेन्स शिकवा. कॅमेरा कागदावर धरला की कन्नडचं मराठी करून दाखवतं. भाषांतर कधी कधी विनोदी होतं, त्यामुळे नावं, आकडे, तारखा मूळ कागदावरून ताडून बघायच्या. पण ही नोटीस आहे का नुसती जाहिरात, एवढं कळलं तरी तुमचे निम्मे फोन कमी होतील. उताऱ्यासाठीही दर वेळी तुम्हालाच धावायला नको. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या जमिनीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकून तो बघता येतो, पुतण्याला एकदा शेजारी बसवून दाखवा.

उरलेल्या फोनांसाठी ‘नाही’ म्हणायला शिका असा सल्ला सगळीकडे मिळतो. मी देत नाही. आपल्याकडे भावकीत ‘नाही’ म्हटलं की ते तीन लग्नांत आणि एका बारशात ऐकून घ्यावं लागतं. त्यापेक्षा ‘उद्या’ म्हणा. “मामा, फोटो पाठवा, उद्या संध्याकाळी सातला बघून सांगते.” बस्स. सरकारी कचेरीने त्यांना आयुष्यभर ‘उद्या या’ सांगितलंय, तुमचा एक उद्या त्यांना जड जाणार नाही. सात ते साडेसात ही कागदांची वेळ. त्याबाहेर आलेला फोटो मोबाईलमध्ये पडून राहू दे. पहिले आठ दिवस लोक कुरकुरतील, आणि तुम्हालाच जास्त अपराधी वाटेल. ते वाटू द्या, त्यावर लगेच काही करू नका.

आता तुमचे तीन प्रश्न.

पिग्मी सोडू नका, निदान आत्ता तरी. पत्रात जिथे जिथे दुकानांचा उल्लेख आलाय तिथे तुमचं अक्षर मोकळं झालंय. गणपत गल्लीतल्या कासारणीबद्दल तर तुम्ही अर्धं पान लिहिलंय. हातात स्वतःचा पैसा आहे, बाहेरची चार माणसं आहेत. ते सोडलंत तर दिवसभर घरी राहाल, आणि मग आठ-दहा फोनांचे वीस होतील, कारण “आता तर ती घरीच असती की!” फक्त एक करा. संध्याकाळी रोकड आणि मशीनचा आकडा जुळेना तर स्वयंपाकघरात कुकर लावता लावता मोजू नका. दार लावून पंधरा मिनिटं बसा. दोन कामं एकदम केली की दोन्हींचा ताण येतो आणि पैसे तरी चुकतात नाहीतर भात.

विपश्यना चांगली आहे. पण पहिलं शिबिर दहा दिवसांचं, मौनाचं, आणि मोबाईल जमा करावा लागतो. आत्ता गेलात तर परत येताना गाडी मिरजेच्या अलीकडे यायच्या आत तुमच्या फोनवर साठलेले कागद वाजायला लागतील. आधी वाटणी लावा. मग वर्षभराने जावंसं वाटलं तर आनंदाने जा. धडधडत्या छातीने एकदम दहा दिवस शांत बसणं काहींना सोसत नाही, तेही लक्षात ठेवा.

गोळी मात्र बंद. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. शेजारणीला ती तिच्या डॉक्टरांनी तिच्या तब्येतीसाठी दिली आहे. यातल्या पुष्कळ गोळ्यांची सवय लागते, सकाळी गुंगी राहते, आणि तुम्ही स्कूटीवर रोकड घेऊन फिरता. चार-दोनदाच घेतली असेल तर विषय संपला. रोज घेत असाल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना सांगून कमी करा.

डॉक्टरांकडे एकदा पुन्हा जायचंच आहे. ईसीजी नॉर्मल आला, छान झालं. पण थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं का? दोन्ही बिघडलं की धडधडतं. आणि तुम्ही 46 च्या आहात. भारतात पाळी थांबण्याचं सरासरी वय याच आसपास आहे. त्याआधीची काही वर्षं अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने जाग येणं, छातीत धडधडणं, चिडचिड हे सगळं होऊ शकतं. तुमच्या लक्षणांतली निम्मी त्या खात्यात जात असतील. हे बोलायला पुरुष डॉक्टरांसमोर लाजू नका, किंवा सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. चढ चढताना छाती भरून येऊन हातात किंवा जबड्यात कळ गेली, दम लागला, तर जुना ईसीजी दाखवत बसू नका, तातडीने दवाखाना गाठा.

दिवसभरात शरीराला उतार कसा द्यायचा, याचं सोपं साधन तुमच्या वाटेवरच आहे. टिळकवाडीतलं रेल्वे गेट. ते पडलं की तुम्ही घड्याळ बघत चडफडता, असं तुम्हीच लिहिलंय. आता गेट पडलं की गाडी बंद करा. आधी जबडा सैल सोडा, मग खांदे. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडायचा श्वास लांब हवा, त्याने ठोके उतरतात. असे दहा श्वास म्हणजे 100 सेकंद. मालगाडी असेल तर वीस होतील.

चहाचंही बघा. चाळीस दुकानं, त्यातली आठ तरी ‘घ्या हो, कट तर आहे’ म्हणत पेला पुढे करतात. चहातल्या कॅफीनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो. दुपारी तीननंतरचा चहा म्हणजे रात्रीच्या जागरणाची उचल. “डॉक्टरांनी बंद केलाय” म्हणा. खोटं वाटत असेल तर मी सांगितलंय म्हणा.

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं वहीत लिहा. काय केलं ते लिहायचं नाही, काय करायचंय ते, आणि कधी, तेही. 2018 साली अमेरिकेत 57 तरुणांवर असा प्रयोग झाला. झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा उद्याची लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. कागदावर उतरलेलं काम डोक्याला धरून ठेवावं लागत नाही. तीनला जाग आलीच तर मोबाईल नको, वही उघडा, जे आठवलं ते खरडा आणि मिटा. त्याच वहीत एक आठवडा प्रत्येक फोनपुढे एक खूण करा : हे मीच करायला हवं, दुसरा करू शकतो, की कुणीच नाही केलं तरी चालेल. तिसऱ्या रकान्यात किती निघतात ते मला कळवा, कुतूहल आहे.

ही वही मिस्टरांना दाखवा. “सोड की” म्हणणारा माणूस वाईट नसतो, त्याला सोडायचं काय ते दिसत नसतं. लेथवर काम करणाऱ्याला आकडे कळतात. तेवीसची यादी पुढे ठेवा आणि विचारा, यातली कुठली दोन तुम्ही घेता? सकाळच्या शिफ्टच्या आठवड्यात सासूबाईंची शुगर तपासून आणणं त्यांना सहज जमेल.

एवढं करूनही दोन आठवडे मन सतत उदास राहिलं, आवडत्या दुकानांतही जावंसं वाटेना, किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर थांबू नका. 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, दिवसरात्र चालू, कन्नडबरोबर मराठीतही बोलता येतं. तिथे तुम्हाला कुणासाठी काही वाचून दाखवावं लागणार नाही. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. गल्लीत कुणी बघेल याची भीती वाटत असेल तर धारवाड बरं. सोबत जाऊबाईंना घ्या.

या आठवड्यात सगळं नको. रविवारी मुलासोबत कागद, रोज रात्री वही, आणि ते ब्लाऊज टाकून या. शेजारणीने गोळी दिली ती डबी अजून तुमच्याकडेच असेल. रोज घेत नसाल तर उरलेल्या गोळ्या तिला परत द्या, पण रिकामी डबी देऊ नये म्हणतात, तेव्हा धुऊन पुसून तिच्यात थोडा कुंदा भरून द्या.